पाण्याला उजवी

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतली शेवटची कंपनी जिथे संपते, तिच्या कंपाउंडाच्या भिंतीला लागून गेनूबाबांची विहीर आहे. जमिनीचा मोठा भाग वसाहतीत गेला. उरलेल्या तुकड्यात कांदा, गुरांसाठी थोडा घास आणि ही दगडी बांधणीची गोल विहीर राहिली. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्याच्या राखणदार. वस्तीतल्या तीन पिढ्यांनी पोहणे इथेच शिकून घेतले आणि शिकवणारा माणूस एकच: गेनूबाबा. पाठीला पूर्वी वाळका भोपळा बांधत, आता तेलाचा रिकामा कॅन बांधतात, एवढाच काय तो बदल. नियम मात्र बदललेला नाही. पायऱ्यांवरून पाण्यात उतरले की भिंत डाव्या हाताला ठेवायची आणि देवळात फिरावे तसे गोल फिरायचे. "पाण्याला उजवी घालून पवायचं," बाबा सांगत. "उलटं गेलं की आसरा पाय वडत्यात." आसरांचे माहीत नाही, पण दहा-वीस पोरे एकाच वेळी पाण्यात असूनही या विहिरीत कधी कुणाचे डोके कुणावर आदळले नाही.

तेजल ही गेनूबाबांची नात. चौथ्या वर्षी तिच्या पाठीला कॅन बांधला गेला आणि सहाव्या वर्षी सुटला. त्यानंतरच्या सगळ्या उन्हाळ्यांत ती या पाण्याला उजवी घालत राहिली. पुढे ती ताथवड्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलला गेली, वसतिगृहात राहू लागली, आणि महापालिकेच्या तरणतलावावर झालेल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिला निरंजन सरांनी पाहिले. निरंजन सर तलावावर प्रशिक्षक होते. स्वतः लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन पुऱ्या केलेला माणूस. बोलणे थोडके आणि बहुतेक वेळा चिडवणारे.

"पोहतेस चांगली," ते तिला म्हणाले. "पण पाण्यातून बाहेर आल्यावर लोक काय करतात माहितीये?"

"टॉवेल घेतात, सर."

"सायकलवर बसतात. नव्वद किलोमीटर. मग उतरून एकवीस किलोमीटर धावतात. आणि हे सगळं ठरलेल्या वेळेत, नाहीतर घरी. बघ, तुला टॉवेलच हवा असेल तर राहू दे."

पहिले दोन दिवस तेजलने हा विषय थट्टेवारी नेला. तिसऱ्या दिवशी ती सरांची जुनी सायकल घेऊन वसतिगृहात आली. खोलीतली तिची सोबतीण पिंकी, परभणीकडची. तिने सायकलीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "ही खोलीत ठेवायलीस? मग मी कुठं झोपू?"

त्या वर्षाचे तिचे दिवस मनगटावरच्या घड्याळाला बांधलेले होते. उजाडण्याआधी उठून महामार्गाच्या सेवारस्त्यावर सायकल. आठाच्या सुमारास कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता भरला की परतायचे. दिवसभर तासिका, प्रात्यक्षिके, सबमिशनच्या फायली. संध्याकाळी पिंपरीच्या बाजूला तरणतलाव. रविवारी लांब धावणे. पिंकी तिला उत्तरे वाचून दाखवी आणि तेजल भिंतीला टेकून पोटऱ्या दाबत ऐके. पुष्कळदा ऐकता ऐकताच झोपे. चौथ्या सत्रात कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर राहिला तो असाच. इतर विषय घोकून पदरात पडत. हा विषय झोपेत शिरणारा नव्हता.

तरीही तिच्या मनात एक हिशेब पक्का होता. सायकल आणि धावणे नवे आहे, तिथे आपण मागे पडू. पण पाणी आपले आहे.

पहिल्या शर्यतीत ती पोहण्याच्या टप्प्यातच बाद झाली.

शर्यत घाटाखालच्या एका धरणाच्या जलाशयात होती. पाण्यावर नारिंगी फुगे सोडलेले, ते डाव्या हाताला ठेवत एक मोठा त्रिकोण पोहून यायचे, जवळजवळ दोन किलोमीटर. तेजल पहिल्या घोळक्यात सुटली. काही वेळाने आजूबाजूचे हात-पाय दिसेनासे झाले, तेव्हा आपण सगळ्यांच्या पुढे गेलो असे तिला वाटले आणि तिने आणखी जोर लावला. मग तिच्या डोक्याजवळ एक वल्हे पाण्यावर आपटले. छोट्या होडीतला स्वयंसेवक ओरडत होता, "मॅडम, कुठे निघालात? रूट तिकडे आहे!" तिने मान वर काढली. फुगे कुठल्या कुठे, डावीकडे, राईएवढे दिसत होते. ती वळली, पुन्हा फुग्यांच्या दिशेने सुटली, आणि थोड्या वेळाने तोच माणूस पुन्हा तिच्यासमोर होडी आडवी घालत होता. काठाला लागली तेव्हा वेळ उलटून गेली होती. एका मुलीने "सॉरी हं" म्हणत तिच्या घोट्यावरची वेळ मोजणारी चिप सोडवून घेतली. पलीकडे रांगेत लावलेल्या सायकलींत तिची सायकल तशीच उभी होती, बाटल्या भरलेल्या.

काठावर तिचे वडील होते. आदिनाथ चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर. रात्रभर तिसरी शिफ्ट करून, जीप घेऊन तसेच आलेले. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "पाण्यात गेलं व्हय? तुजं? पाण्यात?" त्या प्रश्नात राग नव्हता. वस्तीत ही गोष्ट कुणाला सांगायची कशी, ही विवंचना होती.

घरी जेवताना त्यांनी आपला निर्णय सांगितला. "आणिक एक डाव. पुढल्या सालचा. राहिलेला पेपर काढायचा आणि ही शर्यत पुरी करायची. न्हाई झाली, तर सायकल सरास्नी माघारी. मग नोकरी बघायची गुमान. मी आडवा येतोय असं नगं समजू. पण नुसतं निम्म्यात निम्मं करून आयुष्य जात न्हाई, पोरी."

"व्हय, अण्णा," तेजल म्हणाली. आदिनाथ कमी बोलत, पण बोलले ते बदलत नसत. हे तिला माहीत होते. म्हणजे आता एकच संधी होती.

तिने त्या अपयशाचा अर्थ तिच्या स्वभावाला साजेल तसा लावला: जोर कमी पडला. हिवाळाभर ती तरणतलावात अशी पोहली की शेजारच्या पट्टीतली मुले थांबून बघत. तिचा वेग वाढला. निरंजन सर खूश होते. तलावाच्या तळाशी निळ्या फरश्यांची सरळ रेघ होती, दोन्ही बाजूंना दोऱ्या होत्या, आणि तेजल पट्टीच्या उजव्या दोरीला दंड घासत जाई. सरांनी ते पाहिले होते. दंडावर ओरखडे आल्यावर एकदा हटकलेही होते. पण एवढ्याने कुणी बुडत नाही, म्हणून ते तसेच राहून गेले.

एप्रिलमध्ये तळेगाव-चाकण रस्त्यावर ती पडली. पुढच्या डंपरमधून खडी सांडली होती. कंटेनरच्या रांगेतून वाट काढताना तिला ती खडी दिसली नाही. डाव्या खांद्याजवळचे, गळ्याखालचे हाड मोडले. हात झोळीत आला. पोहणे, सायकल, धावणे असे एकेक तिने विचारले आणि डॉक्टरांनी प्रत्येकाला नकार दिला, तेव्हा तिने चौथा प्रश्न विचारला, "बसू शकते ना?"

ती वस्तीवर बसायला आली. राहिलेला पेपर जूनमध्ये होता. लिहिता हात शाबूत होता, त्यामुळे सबबही उरली नव्हती. सकाळी विहिरीच्या काठी जांभळीच्या सावलीत ती पुस्तक मांडीवर घेऊन बसे. सुट्टी होती, वस्तीतली पोरे दिवसभर पाण्यात असत, आणि गेनूबाबा पायरीवर बसून लहानग्यांच्या पाठीचे कॅन आवळून देत असत.

ज्या विषयाने तिला झोपवले होते त्याचे पहिलेच प्रकरण तिने त्या दिवसांत पुरते जागेपणी वाचले. यंत्रे दोन प्रकारची असतात. पहिले यंत्र सांगितलेले काम करत राहते. काम ठरल्याप्रमाणे झाले की नाही हे पाहायची त्याला सोय नसते. दुसरे आपल्याच कामाकडे पुन्हा पुन्हा पाहते, किती चुकले ते मोजते आणि तेवढे परत फिरते. पहिल्या प्रकारच्या यंत्रात बारीकशी खोड असेल तर ती साचत जाते, आणि यंत्र जितके जोरात चालवावे तितके ते लवकर भरकटते.

तिने हे वाक्य पुन्हा वाचले. मग पुस्तक मिटून विहिरीत पाहिले. पोरे गोल फिरत होती. प्रत्येकाचे तोंड श्वासासाठी उजवीकडे, विहिरीच्या मधल्या पाण्याकडे वळत होते. भिंतीकडे कुणाचेच नाही. प्रत्येकाचा डावा हात लांब, जोरकस पडत होता आणि उजवा तोकडा.

"ए, इकडं या सगळी," तिने हाक मारली. "एक खेळ हाय. पायरीवरनं निघायचं, डोळं मिटायचं आणि सरळ समोरच्या भिताडाला शिवायचं. बघू कोण शिवतंय."

पोरांना खेळ आवडला. पहिली मुलगी निघाली ती वळत वळत उजवीकडच्या भिंतीला लागली. दुसरा तसाच. तिसरा पैज लावून गेला आणि त्याने त्याच जागी नाक आपटून घेतले. "ताई, समोरचं भिताड सरकतंय गं!" तो ओरडला, आणि विहीर हसण्याने भरून गेली. तेजल हसली नाही. तिने सगळ्यांना पुन्हा एकदा पाठवले. सगळे पुन्हा उजवीकडे गेले.

तिने काठावरूनच निरंजन सरांना फोन लावला.

"सर, मी उजवीकडे जाते."

"कुठे?"

"पाण्यात. मी सरळ पोहतच नाही. मी लहानपणापासून गोल पोहते. तलावात तळाची रेघ मला सरळ ठेवते. धरणात रेघ नव्हती. आणि फुगे डावीकडे होते, मी डावीकडे कधी बघतच नाही."

मग सर म्हणाले, "ती दोरी. तू दोरीला घासत जायचीस." आणि पुढे, "मी तुला वर्षभर अजून जोरात, अजून जोरात करत होतो. गाढव आहे मी. आता काय करणार आहेस?"

काय करायचे हे तिला समजले होते, आणि तेच अवघड होते. तरणतलावातली रेघ तिची खोड झाकत होती, मोडत नव्हती. खोड जिथे लागली तिथेच ती काढायला हवी होती. म्हणजे हाड जुळले की याच विहिरीत, भिंत उजव्या हाताला ठेवून, तोंड डावीकडे काढून, महिनोन् महिने उलटे पोहायचे.

जूनमध्ये पेपर झाला आणि चांगला गेला. हाताला पाण्यात उतरायची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी तिने बाबांपुढे विषय काढला. बाबा घासाचा भारा सोडत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हंजी मी तुला वाकडं शिकवलं."

"तसं न्हाई, बाबा. विहिरीत त्येच बरोबर हाय. धरणाला भिंत न्हाई, एवढंच."

"उलटं न्हाई जमायचं या पाण्यात."

"बाबा, दुसरं गोल पाणी कुठनं आणू?"

शेजारची सरूबाई, नात्याने चुलत आजी, ओट्यावरून सगळे ऐकत होती. "एवढी इंजिनेर व्हायला निघाली, आन आसरांशी वाकडं घेती," ती म्हणाली. "अगं, इतकी पोरं खेळत्यात त्या पाण्यात. एखाद्याला काय झालं तर कुणाच्या नावानं बोंबलायचं?"

तेजलकडे याचे उत्तर होते, शिकलेले, सरळ. ते तिने दिले नाही. सरूबाईची भीती खरी होती, आणि ज्या माणसाने शेकडो पोरे पाण्यातून सुखरूप वर काढली होती, त्याच्या नियमाशी पुस्तक हातात घेऊन भांडावे असे तिला वाटेना. ती वाट पाहत राहिली. बाबा दोन दिवस विहिरीवर गेले नाहीत. पोरांना कॅन कुणी बांधायचा यावरून भांडणे झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते नारळ, हळदकुंकू, दहीभात आणि हिरव्या बांगड्या घेऊन विहिरीवर गेले. सातही दगड धुतले, बांगड्या मांडल्या, दहीभात ठेवला. नारळ फोडला. मग सदरा काढून काठावर ठेवला, धोतराचा काचा मारला आणि पायऱ्या उतरू लागले.

"अवं, या वयात कुठं निघाला?" सरूबाई धावत आली. "येड लागलंय का म्हाताऱ्याला?"

"थांब गं," बाबा म्हणाले. "कुणाचा पाय वडायचा आसंल तर आधी माजा वडू द्या. माजा नेम, मीच मोडतो. पोरीवर कशाला?"

आणि ते उलटे निघाले. भिंत उजव्या हाताला. उभे आयुष्य एकाच बाजूला वळलेले ते शरीर दुसऱ्या बाजूला वळायला तयार नव्हते. दर चार हातांना ते उजवीकडे ओढले जाई आणि बाबांचा खांदा दगडाला घासे. ते थांबत, शिव्या घालत, पुन्हा निघत. काठावर सगळी वस्ती गोळा झाली होती. कुणी हसत नव्हते. एक फेरा पुरा करून ते पायरीला आले तेव्हा धाप लागली होती आणि खांद्यावर खरचटले होते.

"लई अवघड हाय," ते तेजलला म्हणाले. "ये आता."

सरूबाईने त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि दगडांपुढे हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. मात्र त्यानंतर तिने या गोष्टीबद्दल एक शब्दही काढला नाही. तेजल पाण्यात असे तोवर पोरांनी वर बसायचे, ही व्यवस्था तिनेच लावून दिली.

पाऊसकाळ गेला, विहीर काठोकाठ भरली. राहिलेला पेपर सुटल्याचा निकालही आला. तेजल शुक्रवारी संध्याकाळी बसने वस्तीवर येई आणि सोमवारी पहाटे ताथवड्याला परते. मधल्या दिवसांत अंतिम वर्षाचा प्रकल्प, सायकल, धावणे. सुरुवातीला तिला डावीकडून श्वास घेताच येईना. नाकातोंडात पाणी जाई, जुळलेले हाड ठणके. एका आठवड्यात तिचा वेग दोन वर्षांपूर्वीपेक्षाही खाली गेला आणि त्या रात्री ती रडली, हे फक्त पिंकीला माहीत आहे. पिंकीने तिची समजूत काढली नाही. ती म्हणाली, "तू मेसमध्ये जेवताना पण डावीकडंच बघायलीस आता. त्या बाजूला बसणारी पोरं उगंच भाव खायलीत." तेजलला हसू आले आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वेळेवर उठली.

उजवे वळण पुरते गेले नाहीच. एवढ्या वर्षांची सवय चार-पाच महिन्यांत जात नाही हे तिनेही ओळखले. म्हणून दुसरी सवय लावून घेतली: काही हात मारले की डोळे पाण्याच्या वर काढायचे, समोर बघायचे, चुकले असेल तेवढे डावीकडे फिरायचे आणि पुन्हा निघायचे. निरंजन सर तिला तलावात डोळे मिटून पोहायला लावत आणि काठावरून चालत चालत चिडवत, "गेली, गेली, कोल्हापूरला गेली!"

नोव्हेंबरात, शर्यतीच्या रविवारी, जलाशयावर धुके होते. आदिनाथ पुन्हा तिसरी शिफ्ट करून आले होते; या वेळी जीपमध्ये गेनूबाबाही होते. तेजल पाण्यात शिरली. तिने मुद्दामच घोळका पुढे जाऊ दिला. काही हात, मग डोळे वर. फुगा समोर नव्हता, किंचित डावीकडे होता. ती तेवढीच फिरली. पुन्हा काही हात. धुक्यात एकदा फुगा दिसलाच नाही, आणि आदल्या वर्षीचे ते रिकामे पाणी तिला आठवले. जोर लावावा, असे सगळ्या अंगाला वाटत होते. तिने जोर लावला नाही. ती थांबली, पाण्यात उभी राहिली, शोधत राहिली. मागचे दोघे तिच्या बाजूने पुढे गेले. मग नारिंगी ठिपका दिसला, आणि ती त्याच्याकडे वळली.

काठावर आदिनाथ गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. स्वयंसेवक त्यांना मागे सरायला सांगत होता आणि ते मागे सरत नव्हते. तेजल बाहेर आली ती वेळेच्या आत. जेमतेम, पण आत. तिने वडिलांकडे पाहिले. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. ती सायकलींकडे धावत गेली.

पुढचे सगळे कष्टाचे होते. चढावर साखळी निसटली. हात काळे करून तिने ती चढवली. उन्हाने रस्ता तापला. धावण्याच्या शेवटच्या टप्प्यात डाव्या पोटरीत गोळा आला आणि ती काही वेळ लंगडत चालली, वयाने दुप्पट असलेल्या एका गृहस्थांशी बोलत. ते म्हणाले, "चला ताई, आपण दोघं मिळून एक चांगला माणूस होऊ." कमानीजवळ माणसे फारशी उरली नव्हती. गेनूबाबा लोखंडी अडथळ्याला धरून उभे होते आणि तिचे नाव घेऊन ओरडत होते. ध्वनिवर्धकावरच्या मुलाने घड्याळाकडे पाहत तिचा क्रमांक पुकारला आणि म्हणाला, "वेळेत!"

तिने कमान ओलांडली आणि डांबरावर बसली. श्वास सापडल्यावर विचारले, "अण्णा कुठं हायत?"

"गाडीत," बाबा म्हणाले.

आदिनाथ जीपच्या पुढच्या सीटवर झोपले होते, तोंड उघडे, कंपनीचा शर्ट अंगात तसाच, गुडघ्यापर्यंत पँट अजून ओलसर. मुलगी पाण्यातून वर आलेली पाहून ते इथे येऊन बसले होते आणि बसल्या जागी झोपले होते.

"उठवलं न्हाई मी," बाबा हळू आवाजात म्हणाले. "म्हनला, पाण्यातनं निघाली, आता ती सोडत न्हाई. आन झोपला."

तेजल पदक हातात घेऊन दाराशी उभी राहिली. ओरडायचे, हलवायचे, असे काहीबाही तिने धावताना ठरवले होते. आता तिला ते नको वाटले. गेले वर्षभर या माणसाच्या एका वाक्याचे ओझे तिने वाहिले होते. तो माणूस इतक्या निश्चिंतपणे झोपलेला तिने आजवर पाहिला नव्हता.

दाराचा आवाज झालाच. आदिनाथांनी डोळे उघडले. तिच्याकडे, तिच्या काळ्या हातांकडे, पदकाकडे पाहिले.

"झालं?"

"झालं, अण्णा."

"सगळं?"

"सगळं."

ते खाली उतरले. तेजलने जीपच्या पायरीवर पाय ठेवायचा प्रयत्न केला. पाय वर उचलेना. आदिनाथांनी तिला लहानपणी उचलत तसे दोन्ही काखांत धरून वर बसवले, दार लावले, आणि मागे जाऊन सायकल टपावर बांधू लागले. दोरी आवळताना त्यांनी हँडलवर आपला कोरडा रुमाल गुंडाळला, टपाला घासून रंग जाऊ नये म्हणून.